ताटाच्या डाव्या बाजूचा हिशेब

मराठी ताटात डाव्या हाताला जे वाढले जाते, त्याला तोंडीलावणे म्हणतात. मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. पोट भरण्याचे काम उजव्या बाजूचे. डावी बाजू चव आणण्यापुरती, म्हणून तिचे प्रमाणही चिमटीचे, बोटाच्या टोकाचे असे. आता या बाजूला बरेच नवे पाहुणे येऊन बसले आहेत. टोमॅटो केचप, मेयोनीज, शेझवान चटणी, सँडविच स्प्रेड, सोया सॉस आणि सॅलडवर ओतायची तऱ्हेतऱ्हेची ड्रेसिंग्ज. पाहुणे आले याबद्दल तक्रार नाही. पण त्यांचे प्रमाण चिमटीत राहिलेले नाही. लोणच्याची फोड आपण मोजून घेतो. बाटली उलटी करून दाबली की ताटात किती आले, हे मात्र कोणी पाहत नाही.

यातला विरोधाभास असा, की सॅलड आपल्या घरांत बहुधा आरोग्यासाठीच शिरले. डॉक्टरांनी कच्च्या भाज्या खायला सांगितले, वजन कमी करायचे ठरले, म्हणून काकडी-टोमॅटो चिरले जाऊ लागले. मग ते नुसते घशाखाली उतरेना, म्हणून बाटली आली. व्यापारी कुटुंबांत हा प्रश्न अधिक जपून पाहायला हवा. दुकानाच्या गादीवर सकाळी बसलेला माणूस रात्रीच उठतो. जेवणाची वेळ गिऱ्हाईक ठरवते. चालणे दुकानापासून गोदामापर्यंतचे. अशा शरीराला जास्तीचे तेल, साखर आणि मीठ पचवण्याची संधी कमी मिळते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब. हे आकडे आपल्या घराबाहेरचे आहेत, असे मानण्याचे काहीच कारण नाही.

हिरवा ठिपका काय सांगतो

बाटली हातात घेतल्यावर आपल्या घरांत पहिल्यांदा हिरवा ठिपका पाहिला जातो, त्यानंतर ‘जैन’ किंवा ‘नो अनियन, नो गार्लिक’ ही अक्षरे. दोन्ही सापडली की बाटली टोपलीत जाते. ही दक्षता योग्यच आहे. परंतु ती एकाच प्रश्नाचे उत्तर देते. बाटलीत काय नाही, हे तिच्यामुळे कळते. बाटलीत काय आहे आणि किती आहे, हा दुसरा प्रश्न तसाच राहतो. कांदा-लसूण नसलेल्या मेयोनीजमध्येही तेल तेवढेच असू शकते, आणि जैन केचपमधील साखर ही साखरच असते.

शिवाय पहिल्या प्रश्नाचे उत्तरही ठिपका पूर्णपणे देतो असे नाही. आपल्या देशातील खाद्य-नियमांत मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध व दुग्धजन्य पदार्थांप्रमाणेच मधही वगळलेला आहे. त्यामुळे मध घातलेल्या ‘हनी मस्टर्ड’ सॉसवर हिरवा ठिपका अगदी कायदेशीरपणे येतो. मध वर्ज्य असणाऱ्या घरांनी ठिपक्यावर न थांबता घटकांची यादी वाचावी. तसेच मसाल्यांची नावे वेगवेगळी न देता ‘स्पायसेस अँड कॉन्डिमेंट्स’ असे एकत्रित नाव देण्याची मुभा उत्पादकांना असते. लसणाची पूड त्या दोन शब्दांच्या आड बसलेली असू शकते. जिथे कांदा-लसूण नसल्याचा स्पष्ट उल्लेख नाही, तिथे ‘यादीत लसूण दिसला नाही’ एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

व्हिनेगरचा प्रश्न थोडा निराळा आहे. फळांच्या रसापासून किंवा धान्यापासून होणारे व्हिनेगर आधी मद्यार्क आणि मग जिवाणूंच्या क्रियेने आम्ल, अशा दोन टप्प्यांनी तयार होते. बाजारातील स्वस्त पांढरे व्हिनेगर बहुधा ॲसेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेले असते आणि तशा बाटलीवर ‘सिंथेटिक’ असा शब्द छापलेला असतो. कोणते घ्यावे, किंवा दोन्ही टाळावीत, हे प्रत्येक घराने आपल्या परंपरेप्रमाणे ठरवावे. स्वयंपाकाच्या दृष्टीने मात्र अडचण काहीच नाही. साध्या व्हिनेगरमध्ये आम्ल सुमारे चार-पाच टक्के असते आणि लिंबाच्या रसातही जवळजवळ तेवढेच, किंबहुना थोडे अधिक. ज्या कृतीत व्हिनेगर सांगितले आहे, तिथे लिंबू निःशंकपणे पिळावे.

बाटलीची मागची बाजू

व्यापाऱ्याला बाटलीची मागची बाजू वाचायला शिकवावे लागू नये. माल उतरवून घेताना वरची सजावट पाहून कोणी सही करत नाही. वजन, दर आणि पावतीचा मेळ घालूनच माल आत घेतला जातो. तीच नजर स्वयंपाकघरात आणायची आहे. २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी जी आहारविषयक १७ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतील एक तत्त्व तर केवळ वेष्टनावरची माहिती वाचून निवड करण्याविषयीच आहे.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. जो घटक सर्वांत जास्त, तो पहिला. मेयोनीजच्या यादीत पहिल्या एक-दोन जागी खाद्यतेल दिसले किंवा केचपच्या यादीत टोमॅटोपाठोपाठ लगेच साखर आली, तर आपण मुख्यतः कशाचे पैसे देत आहोत हे उघड होते. बाटलीच्या पुढच्या बाजूला ऑलिव्हची हिरवी फांदी मोठी काढलेली असेल, तर यादीत त्या तेलापुढे छापलेला टक्का शोधावा. ज्या घटकाची जाहिरात वेष्टनावर केली आहे, त्याचे प्रमाण देणे नियमाने आवश्यक आहे. चित्रातली फांदी आणि कंसातला आकडा यांचे प्रमाण पुष्कळदा पाहण्यासारखे असते!

त्याखालच्या पोषणमूल्यांच्या कोष्टकात तीन ओळींवर बोट ठेवले तरी काम भागते: स्निग्धांश, वरून घातलेली साखर आणि सोडियम. आकडे बहुधा १०० ग्रॅमचे असतात, आणि आपण १०० ग्रॅम खात नाही म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. म्हणून हिशेब चमच्याचा करावा. मोठा चमचा साधारण १५ ग्रॅमचा. समजा, एका मेयोनीजच्या कोष्टकात १०० ग्रॅमला ५० ग्रॅम स्निग्धांश दिला आहे. एका चमच्यात साडेसात ग्रॅम तेल झाले. एक ग्रॅम तेलातून नऊ उष्मांक, म्हणजे कॅलरी, मिळतात. चमच्याचे सुमारे अडुसष्ट. सँडविचला आतून दोन्ही बाजूंनी लावले की दोन चमचे सहज संपतात. दुसरे उदाहरण सोडियमचे. कोष्टकात १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम सोडियम असेल आणि मुलाने समोशांबरोबर तीन चमचे सॉस घेतला, तर सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम पोटात गेले. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते. म्हणजे एक ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमहून कमी आहे, मुलांसाठी त्याहूनही कमी. आणि समोशातले मीठ तर अजून मोजायचेच आहे.

मेयोनीज मुळात तेल आणि अंड्याच्या बलकाचे घट्ट मिश्रण. मूळ रीतीच्या मेयोनीजमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश भाग तेलाचा असतो. बिनअंड्याच्या प्रकारात बलकाचे काम दुधाची किंवा सोयाबीनची प्रथिने, पिष्ट आणि झँथन गमसारखे घट्ट करणारे पदार्थ करतात. अंडे गेले, तेल राहिले. केचपची गोष्ट साखरेची. एका मोठ्या चमच्यात चहाच्या एका चमच्याएवढी साखर हा बऱ्याच बाटल्यांचा हिशेब आहे. सोया सॉसमध्ये तेल नाही, साखरही फारशी नाही, पण एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. म्हणजे दिवसभराच्या मिठापैकी जवळजवळ निम्मे मीठ एका चमच्यात! घरी नूडल्स किंवा मंचुरियन करताना हा चमचा हात सैल सोडून ओतला जातो आणि वरून पुन्हा मीठही पडते. रक्तदाब असलेल्या व्यक्तीच्या घरी या एका बाटलीवर तरी नजर ठेवावीच.

मग ‘फॅट-फ्री’ ड्रेसिंग घ्यावे काय? माझ्या मते घेऊ नये. तेल काढले की चव आणि दाटपणा टिकवण्यासाठी त्याच्या जागी काहीतरी घालावे लागते, आणि ते बहुधा साखर किंवा पिष्ट असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. टोमॅटो, हिरव्या भाज्या यांतील कॅरोटिनॉइड नावाची उपयुक्त द्रव्ये तेलात विरघळणारी असतात. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना एकच सॅलड तीन प्रकारच्या ड्रेसिंगबरोबर दिले. बिनतेलाच्या ड्रेसिंगबरोबर ही द्रव्ये रक्तात जवळजवळ उतरलीच नाहीत. तेल असलेल्या ड्रेसिंगबरोबर उतरली. आपल्या आजी काकडीच्या कोशिंबिरीवर चमचाभर तेलाची फोडणी घालत, तिच्यामागे केवळ चवीचा विचार असेल. पण शरीराची सोयही त्यात होती. तेल हवे, फक्त ते मोजून हवे आणि कोणते हे आपल्याला माहीत असावे.

मोहरी, तीळ आणि लिंबू

परदेशी ‘मस्टर्ड ड्रेसिंग’ आपल्याकडे नवे म्हणून विकले जाते, याचे मला नेहमी नवल वाटते. फेसलेल्या मोहरीची कोशिंबीर मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. मोहरीचा अख्खा दाणा हुंगला तर वास जवळजवळ नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागले, की त्यातील विकर कामाला लागते आणि नाकात झिणझिण्या आणणारे द्रव्य तयार होते. ही क्रिया गार पाण्यात चांगली होते. गरम पाणी घातले की विकर निकामी होते आणि मोहरी कडवट, निर्जीव लागते. म्हणून चहाचा एक चमचा मोहरी वाटून तीत थोडे गार पाणी घालावे आणि हलकी, फेसाळ होईपर्यंत फेसावी. दहा मिनिटे झाकून ठेवून मग लिंबू पिळावे. आम्लाने तो झणका आहे तिथे स्थिरावतो. लिंबू आधी घातले तर मोहरी चढतच नाही. यात चिमूटभर मीठ, चहाचा एक चमचा तेल आणि हवी तर बारीक हिरवी मिरची. चौघांच्या काकडीला एवढे पुष्कळ होते. झणका जितका अधिक, तितके मीठ कमी लागते, हा याचा खरा लाभ.

तिळाचे तसेच. पश्चिम आशियात ताहिनी म्हणून जे मिळते ते वाटलेले तीळच असतात. तीळ मंद आचेवर भाजून, वाटून, लिंबाचा रस आणि पाणी घालून सैल केले, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मिरपूड घातली, की सॅलडला दाट, स्निग्ध ड्रेसिंग मिळते. वरून तेलाची गरज नाही. कलिंगडाच्या बियांचा मगज किंवा भिजवलेले काजू वाटूनही असेच होते. काजू महाग आणि उष्मांकांनी जड, म्हणून तो सणावारापुरता ठेवावा. जवस आणि कारळे यांच्या कोरड्या चटण्या तर आयत्याच आहेत: चिरलेल्या टोमॅटोवर एक चमचा भुरभुरावी, लिंबू पिळावे, झाले.

मेयोनीजची सवय मोडायची असेल तर चक्का वापरावा. ताजे दही फडक्यात दोन तास टांगून घट्ट झाले, की त्यात वाटलेला पुदिना, जिरेपूड, मिरपूड घालून घोटावे. मेयोनीजच्या चमच्यामागे जितके उष्मांक, त्याच्या साधारण चौथ्या हिश्शात हे भागते आणि मुलांच्या पोटात थोडी प्रथिने जातात. मात्र द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरी हे ड्रेसिंग मूग, मटकी, काबुली चणे घातलेल्या सॅलडवर किंवा बेसनाच्या पदार्थांबरोबर चालणार नाही. तिथे तीळ किंवा मगज कामाला येतो. मुलांना ‘जैन सँडविच’ बांधून देताना ही अदलाबदल लक्षात असावी, कारण डब्यात काय कशाला लागेल हे सांगता येत नाही.

साध्यात साधे ड्रेसिंग मात्र लिंबू आणि तेलाचेच. चौघांसाठी चहाचे दोन चमचे तीळतेल किंवा घाण्याचे शेंगदाणा तेल, एका मोठ्या लिंबाचा रस, मिरपूड. तेलाचे ऐंशी-नव्वद उष्मांक चौघांत वाटले की प्रत्येकी वीस-बावीस. युक्ती घालण्यात आहे. सॅलड मोठ्या पातेल्यात घेऊन आधी तेल घालून हाताने हलवावे, म्हणजे प्रत्येक फोडीला पातळ थर बसतो. मग लिंबू, आणि मीठ अगदी पान वाढताना. मीठ आधी पडले तर काकडीला पाणी सुटते, चव तळाशी जाते आणि खाणारा पुन्हा मीठ मागतो. ड्रेसिंगची बाटली टेबलावर ठेवण्याऐवजी असे आधी कालवून आणले तर प्रमाण निम्म्याहून कमी होते.

घरचे म्हणून

एवढे झाल्यावर घरच्या तोंडीलावण्यांनाही याच काट्यावर तोलले पाहिजे. चिंच-खजुराची चटणी घरी केली तरी गोडच असते. गूळ घातला म्हणजे साखर टाळली, हा आपल्याकडचा फार जुना आणि फार प्रिय समज. मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्ताला मात्र हा फरक फारसा कळत नाही. छुंदा, मुरंबा यांचेही तेच. लोणचे टिकते ते मिठामुळे आणि तेलामुळे, पापडही मिठाचाच. बऱ्याच घरांत सैंधव वापरतात आणि त्यात सोडियम नसते असे समजून हात सैल सुटतो. सैंधवही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच आहे. शिवाय ते बहुधा आयोडीनयुक्त नसते, म्हणून वर्षभर केवळ तेच वापरणाऱ्यांनी आयोडीनचा विचार करावा. पोटॅशियम घातलेले ‘लो सोडियम’ मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांना किंवा रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना अपायकारक ठरू शकते. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

उलट, त्या दिवशी वाटून त्या दिवशी संपवायची कोथिंबीर-पुदिन्याची चटणी सर्व बाजूंनी सरस. मर्यादेचे नियम पाळणाऱ्या घरांत ती ताजी होतेच. टिकाऊपणासाठी बाटलीत जे मीठ, साखर आणि सोडियम बेंझोएटसारखी द्रव्ये लागतात, त्यांची तिला गरज नसते, कारण तिला टिकायचेच नसते. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असेल तर कैरीची साठवण, आमसूल, ओले खोबरे, डाळिंबाचे दाणे यांवर चटणी भागते. आमसुलाचे आगळ मात्र जपून घालावे; त्यात मीठ भरपूर असते.

दुकानावर जाणाऱ्या डब्यासाठी एक छोटी घट्ट झाकणाची डबी पुरे. तीत भाजलेले तीळ-जिरे-मिरपूड कोरडे, सोबत अर्धे लिंबू आणि न चिरलेली काकडी. दुपारी दोन वाजता डबा उघडतो तेव्हा सकाळी कालवलेले सॅलड लिबलिबीत झालेले असते आणि मग शेजारच्या हातगाडीवरची शेव-चटणी जवळची वाटते. काकडी जागेवर चिरली तर ती कुरकुरीत लागते. हे काम दुकानातल्या कोणाही माणसाला दोन मिनिटांचे आहे.

लग्नसराईत सॅलडचा वेगळा काउंटर लावण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. तिथल्या पांढऱ्या ड्रेसिंगांच्या रांगेत काय आहे हे वाढणाऱ्यालाही ठाऊक नसते. कंत्राट ठरवताना केटररला तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: तयार सॉस कोणत्या कंपनीचे व त्यांच्या यादीत काय आहे, सॅलड आधीच कालवून ठेवणार की मागणीप्रमाणे, आणि लिंबू-तिळाचे किंवा फेसलेल्या मोहरीचे एक भांडे ठेवणार का. खर्च वाढत नाही. बहुधा कमीच होतो.

परदेशी शिकणाऱ्या किंवा व्यापारासाठी फिरणाऱ्या मंडळींना एक सूचना. सीझर सॅलड नावाने शाकाहारी वाटते, पण त्याच्या मूळ ड्रेसिंगमध्ये अंडे असते आणि वुस्टरशर सॉसमधून अँकोव्ही नावाचे मासेही येतात. त्यावर किसून घातलेले पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजलेले असते. रँच ड्रेसिंगमध्ये बहुधा कांदा-लसूण असतोच. वेटरला प्रत्येक सॉसची चौकशी करत बसण्यापेक्षा सॅलड कोरडे मागवावे आणि सोबत लिंबाच्या फोडी, ऑलिव्ह तेल व मिरपूड वेगळी आणायला सांगावी. बहुतेक स्वयंपाकघरांत या तीन वस्तू असतात आणि त्यांच्यात काही दडलेले नसते.